शातोचा इतिहास कागदांतून कसा काढायचा

फ्रान्सच्या खेड्यातल्या एखाद्या शातोचा, म्हणजे सरदारी वाड्याचा, इतिहास शोधायला बसलं की हात आधी मालक घराण्याच्या वंशावळीकडे जातो. नेमकं तेच टाळायचं. वंशावळी घराण्याने स्वतःच्या सोयीने लिहवून घेतलेल्या असतात, आणि शातो तर लग्नात, कर्जात, लिलावात हात बदलत गेलेला असतो. माग जमिनीचा काढायचा, तोही आजपासून मागे मागे जात.

सुरुवात त्या देपार्तमाँच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सरकारी दफ्तरखान्यातून करावी. कागद पाहायला पैसे पडत नाहीत आणि जुने नकाशे बहुतेक ठिकाणी ऑनलाइन असतात. १८०७ च्या कायद्याने सुरू झालेल्या मोजणीचे नकाशे ‘३ पी’ या मालिकेत मिळतात. शातोचा गट शोधा, विभागाचं अक्षर आणि गट क्रमांक टिपा, गटवार यादीतून त्या वेळच्या मालकाचं नाव काढा आणि मग खातेवहीत त्याचं पान उघडा. गट कोणत्या साली खात्यातून निघाला आणि कोणत्या पानावर गेला, हे तिथेच लिहिलेलं असतं. मात्र ते साल वहीत नोंद झाल्याचं असतं. खरेदी त्याच्या एक-दोन किंवा जास्तही वर्षं आधीची असू शकते. म्हणून नाव आणि अंदाजे साल घेऊन ‘४ क्यू’ मालिकेतल्या गहाण-नोंदणीच्या वह्यांकडे जा. तिथे खरेदीच्या दस्ताची पूर्ण नक्कल, नोटरीचं नाव आणि तारीख मिळते. दस्ताच्या शेवटाकडे मिळकत कुणाकडून कशी आली याचा परिच्छेद असतो. तो आधी वाचा, तुमची दोन-तीन पिढ्यांची पायपीट वाचेल. नोटरींची दप्तरं साधारणपणे ७५ वर्षांनंतर खुली होतात.

१७८९ च्या फ्रेंच क्रांतीपाशी धागा तुटतो. देश सोडून पळालेल्या सरदारांच्या मिळकती १७९२ पासून जप्त होऊन विकल्या गेल्या. त्यांचे कागद ‘१ क्यू’त असतात. लिलावात बोली लावणारा हाच खरेदीदार असं समजू नका. तो नंतर ‘मी अमक्यासाठी बोली लावली’ असं जाहीर करू शकत असे. ती घोषणा वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. कधी खरेदीदार जुन्या मालकाचाच कारभारी किंवा नातेवाईक निघतो. १७९५ च्या सुमाराच्या किमतींवरून तर काहीच ठरवू नये, कारण तेव्हा आसिन्या या क्रांतीकाळच्या कागदी चलनाचं मोल पार कोसळलं होतं.

क्रांतीच्या मागे गेल्यावर १७०३ पासूनच्या ‘सांतिएम दनिए’ कराच्या वह्या कामी येतात. स्थावर हात बदललं की किमतीचा शंभरावा भाग भरावा लागे. पण बापाकडून मुलाला आलेल्या वारशावर हा कर नव्हता. त्यामुळे वहीत नोंद नसेल तर मिळकत सरळ वंशात उतरली असण्याची शक्यता धरावी.

त्याआधीच्या काळासाठी ‘आव्हू’ पाहावा. जहागीर हाती आली की नवा धनी वरच्या सरदाराला तिचं तपशीलवार वर्णन लिहून देई: खंदक, उचलता पूल, कबुतरखाना, गिरणी, कुळं. १७९३ मध्ये सरंजामी दस्तऐवज जाळायचा हुकूम निघाला, त्यामुळे गावातली प्रत नसेलही. वरच्या धन्याची प्रत मात्र शोधता येते: तो राजा असेल तर पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘पी’ मालिकेत, मठ असेल तर देपार्तमाँच्या ‘एच’ मालिकेत. वर्णनावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कारकून मागचाच आव्हू उतरवून काढत, आणि पूल मोडून शतक उलटलं तरी तो कागदावर दिमाखात उभा असे.

नावांनी भलेभले फसतात. विचारवंत माँतेस्क्यूचं कुलनाम स्गाँदा. ला ब्रेदचा शातो त्याच्याकडे आईकडून आला आणि माँतेस्क्यू ही बॅरनी, म्हणजे बॅरन किताबाची जहागीर, १७१६ मध्ये काकाकडून. कागदात एकच माणूस तिन्ही नावांनी भेटतो. नावातल्या ‘द’वरून (म्हणजे ‘अमक्या गावचा’) कुणी सरदार ठरत नाही, आणि घराण्याच्या ढालीवरच्या चिन्हांवरूनही नाही: १६९६ च्या फर्मानानंतर व्यापाऱ्यांनीही पैसे भरून चिन्हं नोंदवली आहेत.

तारखांचंही तसंच. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रान्सच्या बऱ्याच भागात वर्ष ईस्टरला (मार्च-एप्रिलमध्ये) बदलत असे, म्हणजे फेब्रुवारी १५५० चा दस्त आपल्या हिशेबाने १५५१ चा. हे विसरलं तर मुलगा बापाआधी वारस होतो.

शेवटी गावातलं चर्च. भिंतीवर चिन्हांसह काळा पट्टा रंगवलेला दिसला, तर तो सरदाराच्या मृत्यूचा दुखवटा आहे. चिन्हं १७९० नंतर छिन्नीने उडवलेली असली तरी ढालीचा आकार बहुधा उरतो. घंटेवरचा मजकूरही वाचा, कारण घंटेलाही बाप्तिस्मा देत आणि तिचे धर्ममातापिता म्हणून तिथे बऱ्याचदा त्या वर्षीच्या शातोच्या मालक-मालकिणीचीच नावं सालासकट ओतलेली असतात.