किडे आवडतात, पुढे काय करू?

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की मला दोन-चार तरी मेसेज येतात. मॅडम मला लहानपणापासून किडे आवडतात, घरचे हसतात, यात करिअर आहे का. प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते, लांबलचक होईल, चहा घेऊन बसा.

आधी माझं सांगते. सांगली जिल्ह्यात आमची दीड एकर उसाची शेती. २००२ साली मी पाचवीत होते आणि त्या पावसाळ्यात उसावर लोकरी मावा आला. ज्यांनी तो बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, पानाच्या खालच्या बाजूला पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर, त्याच्या चिकट गोड पाण्यानं खालची पानं काळीकुट्ट, आणि उसात शिरून बाहेर आलं की केसांवर कपड्यांवर पांढरा भुगा. मोठी माणसं डोक्याला हात लावून बसलेली, फवारण्या चाललेल्या, आणि मी आपली पान उलटं करून बघतेय की या कापसाच्या आत नक्की कोण राहतं. मग कृषी खात्याची माणसं पानांचे तुकडे घेऊन यायला लागली, त्यावर बारक्या अळ्या, नाव कोनोबाथ्रा, आता पुस्तकात तिला डिफा म्हणतात. ती अळी मावा खाते. माझ्या डोक्यात हे काही केल्या बसेना. तोपर्यंत मला माहिती एवढंच की अळी म्हणजे पीक खाणारी, आणि इथं आमचे वडील स्वतःच्या हातानं उसात अळ्या सोडतायत! पानाचा एक तुकडा मी गुपचूप कंपासपेटीत ठेवला होता, आईला सापडल्यावर काय झालं ते लिहीत नाही.

तर बीएस्सी ॲग्री केलं, मग एमएस्सीला कीटकशास्त्र घेतलं. आणि इथंच पहिला धक्का, जो तुम्हालाही बसणार आहे म्हणून आधीच सांगते. किडे आवडतात म्हणून तुम्ही या विषयाला येता आणि पहिल्या दिवसापासून शिकवतात तो किडा मारायचा कसा. आर्थिक नुकसानीची पातळी (म्हणजे किती किडे झाले की नुकसान औषधाच्या खर्चाइतकं होतं), कोणतं औषध किती मिली, किती टक्के मेले. प्रॅक्टिकलला कीटक संग्रह करायचा असतो, म्हणजे जाळीनं पकडायचे, बाटलीत मारायचे, टाचणी टोचून पेटीत लावायचे. मी पहिला चतुर मारला तेव्हा रात्री जेवले नव्हते, हसू नका. काही मुलं हा प्रश्न सोपा करतात, सीनियरची पेटी घ्यायची आणि लेबलं बदलायची. आमच्या बॅचमधल्या एकानं तेच केलं आणि मृगात निघणाऱ्या हुमणीच्या भुंगेऱ्यावर, म्हणजे त्या अळीच्या पूर्ण वाढलेल्या किड्यावर, जानेवारीची तारीख टाकली, सरांनी एका नजरेत पकडला. माझी स्वतःची पेटी मात्र अस्सल होती आणि तरी वाया गेली, कारण मी डांबरगोळी ठेवायला विसरले आणि सुट्टीवरून येते तर मुंग्यांनी पाकोळ्यांचे नुसते पंख शिल्लक ठेवलेले. तेव्हा डांबरगोळी विसरू नका. आणि लेबल. कुठं, कधी, कुणी पकडला, कशावर बसला होता, हे चिठ्ठीवर नसेल तर तो नमुना म्हणजे तुम्ही एक जीव उगाच मारलात, बाकी काही नाही. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखातून टोचतात, मधोमध नाही, हे पण तोंडी परीक्षेला विचारतात.

मग मला यातून बाहेर पडावंसं का वाटलं नाही? हुमणीमुळे. ही अळी जमिनीत उसाची मुळं खाते, ऊस उभ्या उभ्या वाळतो, औषध वरून ओतलं तरी खाली पुरेसं पोचत नाही. पण तिचा वर्षभराचा कार्यक्रम ठरलेला. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की त्याच संध्याकाळी दिवेलागणीला भुंगेरे जमिनीतून निघतात, जवळच्या कडुनिंबावर बाभळीवर जमतात, पाला खातात, तिथंच मीलन, आणि उजाडायच्या आत परत जमिनीत. मग मादी अंडी घालते आणि वर्षाचा घोर. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात थोड्याच रात्री असतात, त्या रात्री झाडं हलवून भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकले तर पुढची अळीच होत नाही. पण त्यासाठी तो किडा कधी जागा होतो, कुठं जेवतो, कुठं झोपतो सगळं माहिती पाहिजे, सासूला जेवढं सुनेचं टाइमटेबल माहिती असतं तेवढं. मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी सलग काही रात्री एका बाभळीखाली बॅटरी घेऊन बसले, डास फोडून काढत होते, आणि तेव्हा लक्षात आलं की किडा मारायला सुद्धा त्याच्यावर एवढा जीव लावावा लागतो. ज्यांना किड्यांचा कंटाळा असतो ते पहिल्या दिवशी बाटली उघडतात आणि फवारून मोकळे होतात.

आता मी एका जैविक कीड नियंत्रण प्रयोगशाळेत आहे, आम्ही ट्रायकोकार्ड बनवतो. ट्रायकोग्रामा हा अर्धा मिलीमीटरचा गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यातला जीव, तो दुसऱ्या किड्याच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालतो आणि त्याचं पिल्लू आतलं सगळं खाऊन बाहेर येतं. त्याला वाढवायला आधी आम्ही कॉरसेरा नावाचा धान्यातला पतंग पाळतो, ज्वारीच्या नाहीतर मक्याच्या भरड्यावर. त्याची अंडी गाळायची, अतिनील दिव्याखाली ठेवायची म्हणजे आतला गर्भ मरतो, कार्डावर डिंकानं चिकटवायची, मग त्यावर ट्रायकोग्रामा सोडायचा. तीन-चार दिवसांनी अंडी काळी पडली की समजायचं काम झालं. एका कार्डावर साधारण वीस हजार अंडी. शेतकरी पट्ट्या कापून पानाच्या खाली स्टेपल करतो, उसाच्या खोडकिड्यासाठी वगैरे. ऐकायला भारी वाटतं ना, पण खरं सांगायचं तर निम्मं काम भरडा दळणं, ट्रे धुणं आणि पतंगांचे खवले नाकात जाऊन शिंकणं हेच आहे. मास्क लावा, आमच्याकडच्या दोघींना त्या खवल्यांची कायमची ॲलर्जी झाली. पगार सुरुवातीला बेताचाच असतो, पहिल्या नोकरीत माझे तीन महिन्यांचे पैसे अडकले होते, जॉईन व्हायच्या आधी जुन्या माणसांना खासगीत विचारून घ्या.

रस्ते कोणते ते थोडक्यात. ॲग्रीतून यायचं तर सीईटी देऊन बीएस्सी, मग राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांपैकी कुठंतरी एमएस्सी कीटकशास्त्र, पुढं शिकवायचं असेल तर पीएचडी आणि एएसआरबीची, म्हणजे कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची, नेट ही पात्रता परीक्षा. कंपन्यांच्या बहुतेक नोकऱ्या औषध विक्रीच्या असतात आणि तिथं टार्गेट असतं, तुमची आवड नाही. झूलॉजीतून यायचं तर एमएस्सीला कीटकशास्त्र असलेलं कॉलेज शोधा, हा रस्ता वर्गीकरणाकडे म्हणजे नवीन जाती शोधून नाव देण्याकडे जातो, पुण्यात आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे, मुंबईत बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे १८८३ पासूनची, बंगळुरूला कृषी कीटकांची राष्ट्रीय संस्था आहे. तिसरा रस्ता आरोग्याचा, याच्याकडे मुलं बघतच नाहीत. डास, गोचीड, पिसवा. २०१६ च्या सुमारास सिंधुदुर्गात दोडामार्गला माकडताप आला तो गोचिडीमुळं, तिथं गोचीड ओळखणारा माणूस डॉक्टरइतकाच लागतो. पुण्याच्या एनआयव्हीमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, यावर काम चालतं. आणि मधमाशी, पुण्यातच १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संस्था आहे, ज्यांना सातेरी या देशी मधमाशीची पेटी उघडताना हात थरथरत नाही त्यांनी तिकडं जरूर बघावं.

आता कोळी. माझा खरा जीव इथं आहे पण कोळ्यावर पोट भरणं अवघड, म्हणून तो रविवारचा. पहिली गोष्ट, कोळी कीटक नाही, आठ पाय, शरीराचे दोन भाग, पंख नाहीत. आपला मिरगाचा किडा, तो लालभडक मखमलीचा, तो पण आठ पायांचा, म्हणजे कोळ्याचा भाऊबंद. आज्जी त्याला हळद-कुंकू वाहायची आणि मी पाय मोजत बसायचे. कोळ्यांसाठी जंगलात जायला लागत नाही. ठाणे-कल्याण पट्ट्यात, एवढ्या गर्दीत, उडी मारणाऱ्या कोळ्याची नवी जात सापडली आणि २०२१ मध्ये तिला आयसियस तुकारामी नाव दिलं, २६/११ ला कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळेंच्या नावावरून. मी ती बातमी वाचून रडले होते. तर तुमच्या घराच्या भिंतीपासून सुरू करा. उडी मारणारा कोळी पुढचे दोन मोठे डोळे तुमच्याकडे वळवून बघतो, तुम्ही डावीकडं सरकलात की तोही मान फिरवल्यासारखा वळतो, हे एकदा बघितलं की माणूस कामातून गेला. बाथरूममधला तो तळहाताएवढा चपटा कोळी जाळं विणत नाही, रात्री झुरळं खातो, त्याला चप्पल मारू नका.

आणि ते 'अंगावर कोळी मुतला' प्रकरण. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर रेघेसारखे फोड येतात ना, ते कोळ्याचं काम नाही. नारिंगी-काळा, मुंगीसारखा दिसणारा बारका भुंगेरा असतो, पिडेरस, ट्यूबलाइटला येतो, झोपेत अंगाखाली किंवा हाताखाली चिरडला की त्याच्या अंगातलं द्रव्य कातडी भाजतं. तो बसला तर फुंकर मारून उडवा, घासू नका. एवढी एक माहिती मी आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ करून घेतलीय.

भीती अजिबात नसावी असं मात्र मी म्हणणार नाही. कोकणातला लाल विंचू छोटा असतो आणि जीव घेऊ शकतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला म्हणून किती जण वाचले. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर पण त्या मानानं सौम्य. रात्री फिरताना बूट घाला आणि दगड उचलला तर तो आपल्याकडं नाही, पलीकडं उघडेल असा उचला. अतिनील टॉर्च मिळाला तर घ्या, विंचू त्यात हिरवट चमकतो, बघण्यासारखं असतं. अभयारण्यात काहीही पकडायला वनखात्याची लेखी परवानगी लागते, काही फुलपाखरं आणि भुंगेरे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत, 'मी स्टुडंट आहे' हे तिथं चालत नाही.

सामान फार लागत नाही. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स, एक वही, एक बॅटरी. जुलैत गच्चीवर पांढरी चादर बांधून समोर दिवा लावा, पतंग मोजता मोजता रात्र जाईल. कढीलिंबाची कुंडी ठेवा, आज ना उद्या त्यावर पाखराच्या शिटेसारखी दिसणारी अळी येईल, ती झटकू नका, मोठी झाल्यावर हिरवी होते आणि हात लावला की डोक्यामागून लाल-नारिंगी शिंग काढून वास सोडते. फोटो आयनॅचरलिस्ट या वेबसाइटवर टाका, तिथं जाणकार नाव सुचवतात. पण कोळ्याची जात निव्वळ फोटोवरून सांगता येईलच असं नाही, बऱ्याचदा सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे जननेंद्रियाचे भाग बघायला लागतात, तेही पूर्ण वाढलेल्याचेच. तेव्हा 'नवीन जात सापडली' म्हणून लगेच पेपरवाल्यांना फोन करू नका, आमच्या एका ज्युनियरनं केला होता, आठवड्यानं तो कोळी अगदी नेहमीचा निघाला.

घरच्यांचं काय विचारता. माझ्या लग्नाच्या वेळी स्थळाकडच्यांनी विचारलं मुलगी काय करते, तर मामा म्हणाला लॅबमध्ये आहे, आणि माझा धाकटा भाऊ पटकन म्हणाला पतंग पाळते. ते स्थळ गेलं. नंतर ज्या घरात आले तिथं सासरे पहिल्या पावसाला स्वतः हाक मारतात, अगं बाभळीवर आलेत बघ तुझे ते.

आणि हो, मला फोटो पाठवणार असाल तर शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढा म्हणजे आकार कळतो, गाव, तारीख आणि कोणत्या झाडावर होता ते लिहा. नुसताच झूम केलेला धूसर फोटो आणि खाली 'मॅडम हा कोणता' असं आलं, तर मी 'किडा' एवढंच लिहून पाठवते.