बसच्या दारात कार्ड टेकवायचं मशीन: सगळ्यांना जमेल असं कसं बसवावं

सांगली-मिरज शहर बसमध्ये मिरजेच्या दवाखान्यांकडे निघालेले पुष्कळ असतात. कुणाचा हात प्लास्टरमध्ये, कुणाच्या बगलेत कुबडी, कुणाला दिसत नाही. अशा बसला टॅप मशीन लावताना आधी जागा ठरवा, स्क्रीनचं नंतर बघू.

पायऱ्यांजवळ मशीन नकोच. चढताना दोन्ही हात दांड्याला लागतात. माणूस वर सपाट जागेवर आला की एका हाताने दांडा धरून दुसऱ्याने कार्ड टेकवता यावं. टेकवायच्या जागेचा मध्य तिथल्या फ्लोअरपासून ९० ते ११० सेंमीवर ठेवा, म्हणजे व्हीलचेअरवरूनही हात पोचतो. डाव्या आणि उजव्या, दोन्ही हातांनी टेकवून बघा. अर्धांगवायू झालेल्याला हात निवडता येत नाही.

खरी अडचण लोखंडी दांड्याची. ही कार्डं १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतात आणि साधारण ४ सेंमीपर्यंत वाचली जावीत अशी अपेक्षा असते. मशीन थेट दांड्यावर कसलं तर चुंबकीय क्षेत्र धातूत जिरतं, अँटेनाचं ट्यूनिंग सरकतं आणि कार्ड अगदी चिकटवल्याशिवाय वाचलं जात नाही. थरथरत्या हाताच्या माणसाला मग तीन-तीनदा टेकवावं लागतं, मागे रांग ओरडते. अँटेना आणि धातू यांच्यामध्ये फेराइटची (चुंबकीय क्षेत्र धातूपर्यंत न जाऊ देणाऱ्या पदार्थाची) शीट घाला, प्लास्टिकचा स्पेसर देऊन अंतर वाढवा आणि ट्यूनिंग मशीन दांड्यावर बसवल्यानंतरच करा. टेबलावरची चाचणी इथे फसवते. टेकवायच्या जागेभोवती बोटाला लागेल अशी उठावदार कड ठेवा. गुळगुळीत काचेवर न बघता जागा सापडत नाही.

आवाजाकडे सर्वात जास्त लक्ष द्या. स्वस्त बझर बरेचदा ४ किलोहर्ट्झच्या आसपास वाजतात आणि वयानुसार आधी उंच पट्टीचंच ऐकू येणं कमी होतं. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीत असते. म्हणून १ ते २ किलोहर्ट्झ निवडा. फरक नुसत्या पट्टीचा नको, तालाचाही हवा: तिकीट झालं तर एक लांब बीप, कार्ड नीट वाचलं नाही तर तीन तुटक. शिल्लक नसेल तर दोन लांब बीप आणि ‘कंडक्टरला विचारा’ एवढंच बोलणं. ‘पैसे नाहीत’ असं अख्ख्या बसला ऐकवू नये. सवलतीच्या कार्डालाही वेगळा आवाज मुळीच देऊ नका. ज्येष्ठ किंवा दिव्यांग म्हणून माणसाची जाहिरात होते. कंडक्टरच्या मशीनवर खूण दिसली की पुरे.

स्क्रीनवर हिरव्या-लाल रंगासोबत मोठी बरोबर-चूक खूण हवी, रंगांधांना नुसता रंग कळत नाही. देवनागरी अक्षरं बारीक केली की अनुस्वार आणि मात्रा आधी पुसट होतात. दोन-तीनच शब्द, पण ठळक. दुपारी काचेतून ऊन पडतं तेव्हा वाचून बघा.

घाबरून कुणी लगेच पुन्हा टेकवलं तर दुसऱ्यांदा पैसे कापू नका. काही सेकंद तेच कार्ड अडवून ‘झालं आहे’ म्हणा. एका कार्डावर दोघांचं तिकीट हवं असेल तर ते कंडक्टरने काढावं. पाकिटात दोन कार्डं सापडली, तर मशीनने मनाने एक निवडू नये. ‘एकच कार्ड टेकवा’ सांगावं.

शेवटची चाचणी इंजिन चालू ठेवून, भरल्या बसमध्ये, न दिसणाऱ्या आणि कुबडी वापरणाऱ्या प्रवाशांकडून करून घ्या.