मल्टिक्लास कॅरेक्टरचे स्पेल: स्लॉट मोजताना या चुका टाळा

आम्ही दर शनिवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, टेबलाभोवती बसून डाइसवर चालणारा कथेचा खेळ. त्यात एक मल्टिक्लास कॅरेक्टर आहे, म्हणजे एकाहून जास्त क्लास (पेशे) असलेलं पात्र: क्लेरिक-विझर्ड. तीन लेव्हल क्लेरिकच्या, तीन विझर्डच्या. एका पडक्या मनोऱ्यात तिला फायरबॉल या स्पेलचा (मंत्राचा) स्क्रोल सापडला आणि ती खेळणाऱ्या मैत्रिणीने लगेच विचारलं, "हा स्पेलबुकात उतरवून घेऊ? माझ्याकडे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट आहेत." स्लॉट म्हणजे स्पेल टाकण्याची मोजकी संधी, वापरली की विश्रांतीपर्यंत संपली. तिच्या शीटवर तिसऱ्या लेव्हलसमोर खरोखरच तीन चौकोन होते. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा आणि नियमांचा निर्णय देणारा, मी. मी हो म्हटलं. दीडशे सोन्याची नाणी खर्च झाली, सहा तास गेले, अर्काना चेकही (जादूच्या ज्ञानाची डाइसवरची परीक्षा) पास झाला. पुढच्या दोन सत्रांत चार फायरबॉल पडले. तेव्हा आमचा सॉर्सरर, ज्याने सहाच्या सहा लेव्हल एकाच क्लासमध्ये घातल्या होत्या, शांतपणे म्हणाला, "मग मी काय मिळवलं?"

त्याचं बरोबर होतं. मी तो नियम घरी येऊन पुन्हा वाचला. मल्टिक्लासच्या स्पेलबाबत जेवढे वाद होतात, त्यातले निम्म्याहून जास्त याच एका ठिकाणी अडकलेले असतात असं माझं मत झालं आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत स्लॉट सगळ्या क्लासचे मिळून मोजायचे असतात. स्पेल मात्र प्रत्येक क्लासचे वेगवेगळे, जणू दुसरा क्लास तुमच्याकडे नाहीच. मोठं पातेलं घरात आलं म्हणून पंगतीचा स्वयंपाक आपोआप येत नाही, तसंच हे.

आधी पुस्तक कोणतं ते ठरवा

२०१४ चं प्लेअर्स हँडबुक (खेळाडूंचं मुख्य नियमपुस्तक) आणि २०२४ चं, दोन्ही लोकांच्या हातात आहेत. नियमांचा मोफत भाग, म्हणजे एसआरडी, तोही दोन रूपांत फिरतो: ५.१ जुन्या पुस्तकाचा, ५.२ नव्याचा. एकाच टेबलवर एकाने हा उघडलेला, दुसऱ्याने तो, असं झालं की दोघेही बरोबर असतात आणि भांडण मिटत नाही. पॅलाडिन ५ आणि विझर्ड ३ घ्या. स्लॉटच्या बेरजेसाठी २०१४ प्रमाणे पॅलाडिनच्या लेव्हलचं अर्धं करून खालचा आकडा घ्यायचा: २ अधिक ३, म्हणजे ५. २०२४ प्रमाणे वरचा आकडा: ३ अधिक ३, म्हणजे ६. तिसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट इकडेतिकडे होतो. मी पुढे जे लिहितो आहे ते २०१४ चं धरून, आणि नव्या पुस्तकातले काही मोठे फरक जाता जाता सांगेन.

"लेव्हल" हा शब्द एकटा वापरू नका

बोलताना आपण तीन गोष्टींना लेव्हल म्हणतो. कॅरेक्टर लेव्हल म्हणजे सगळ्या क्लासची बेरीज. क्लास लेव्हल म्हणजे त्या एका क्लासची. स्पेल लेव्हल म्हणजे फायरबॉल तिसऱ्याचा, हीलिंग वर्ड पहिल्याचा, ती. मल्टिक्लासमध्ये चौथी भर पडते, पुस्तकातल्या मल्टिक्लास स्लॉटच्या तक्त्यात बघायचा आकडा. आमच्या मैत्रिणीच्या शीटवर नुसतं "लेव्हल ६" लिहिलं होतं, आणि तिने तोच ६ सगळीकडे वापरला. आता आम्ही "विझर्डची तिसरी", "तक्त्याचा सहावा" असं पूर्ण म्हणतो. ऐकायला किचकट वाटतं, पण वाद कमी होतात.

तिचं गणित इथे पूर्ण मांडतो, कारण एकदा हाताने केलं की पुन्हा चुकत नाही. बार्ड, क्लेरिक, ड्रुइड, सॉर्सरर आणि विझर्ड यांच्या लेव्हल पूर्ण मोजायच्या. पॅलाडिन आणि रेंजरच्या अर्ध्या. एल्ड्रिच नाइट फायटर आणि आर्केन ट्रिकस्टर रोग यांच्या एकतृतीयांश, खालचा आकडा. तिचे क्लेरिक ३ आणि विझर्ड ३, बेरीज ६. तक्त्यातली सहावी ओळ: पहिल्या लेव्हलचे ४ स्लॉट, दुसऱ्याचे ३, तिसऱ्याचे ३. इथपर्यंत तिचं शीट अगदी बरोबर होतं.

आता शीटवर एक कोरा कागद ठेवून विझर्डची बाजू झाका. उरली तिसऱ्या लेव्हलची क्लेरिक. विझ्डम (क्लेरिकच्या जादूमागची अ‍ॅबिलिटी) १६, म्हणजे +३. तयार करता येणारे (दिवसासाठी निवडून ठेवायचे) स्पेल लेव्हलचे ३ अधिक विझ्डमचे ३, असे ६, शिवाय डोमेनचे (क्लेरिकच्या शाखेचे) वेगळे. सगळे पहिल्या किंवा दुसऱ्या लेव्हलचे, कारण एकट्या तिसऱ्या लेव्हलच्या क्लेरिककडे दुसऱ्याच्या वरचे स्लॉट नसतात. मग कागद सरकवा, क्लेरिक झाका. तिसऱ्या लेव्हलची विझर्ड. इंटेलिजन्स १४, +२. तयार करायचे स्पेल ५. स्पेलबुकात सुरुवातीचे ६, पुढच्या दोन लेव्हलचे दोन-दोन, एकूण १०. इथेही दुसऱ्या लेव्हलच्या वर काही नाही. स्पेलबुकात उतरवायचा स्पेल तयार करता येण्याजोग्या लेव्हलचा हवा, आणि विझर्ड म्हणून तिची झेप दुसऱ्यापर्यंतच. फायरबॉलसाठी विझर्डची पाचवी लेव्हल लागते. कागद झाकून बघितला असता तर त्या मनोऱ्यातच हे कळलं असतं.

हा कोरा कागद आता आमच्या डाइसच्या डब्यातच असतो.

मग तिसऱ्या लेव्हलचे तीन स्लॉट वाया जातात का? नाही. खालच्या लेव्हलचा स्पेल वरच्या स्लॉटमधून टाकायचा. क्युअर वूंड्स तिसऱ्या स्लॉटने ३ डी८ (आठ बाजूंचे तीन डाइस) बरं करतो. स्कॉर्चिंग रेची किरणं तीनची चार होतात. मॅजिक मिसाइलचे बाण पाच. होल्ड पर्सन दोघांवर बसतो. एड प्रत्येकाला ५ ऐवजी १० हिट पॉइंट (जीव) देतो, आणि माझ्या मते तिच्यासाठी तिसऱ्या स्लॉटचा सगळ्यात चांगला वापर तोच. पण प्रत्येक स्पेल असा वाढत नाही. स्पिरिच्युअल वेपनचा मार दुसऱ्याच्या वर दोन-दोन लेव्हलनी वाढतो, म्हणजे तिसऱ्या स्लॉटने काहीच फरक पडत नाही. मिरर इमेज तर वाढतच नाही. स्पेलच्या वर्णनाच्या शेवटी वरच्या लेव्हलबद्दलचं वाक्य असतं, ते वाचल्याशिवाय महागडा स्लॉट खर्च करू नका.

सेव्ह डीसी दोन लिहा

सेव्ह डीसी म्हणजे तुमचा स्पेल टाळायला समोरच्याला डाइसवर गाठावा लागणारा आकडा. प्रत्येक स्पेल कुठल्या तरी एका क्लासचा असतो आणि त्याच क्लासची अ‍ॅबिलिटी त्याला लागते. तिच्या क्लेरिकच्या स्पेलचा डीसी ८ अधिक प्रोफिशियन्सीचे (सरावाचे) ३ अधिक विझ्डमचे ३, म्हणजे १४. विझर्डच्या स्पेलचा १३. एकच मोठा आकडा सगळीकडे वापरण्याची सवय लागते, ती मोडा. डिटेक्ट मॅजिक दोन्ही क्लासच्या यादीत आहे. विझर्ड म्हणून तो पुस्तकात असेल तर तयार न करताही रिच्युअल म्हणून, म्हणजे स्लॉट न खर्चता जास्त वेळ घेऊन, टाकता येतो. क्लेरिक म्हणून आधी तयार हवा. त्यामुळे स्पेलच्या नावापुढे "क्ले" किंवा "वि" लिहून ठेवा.

कँट्रिपचं, म्हणजे स्लॉट न लागणाऱ्या साध्या स्पेलचं, मात्र उलट आहे, आणि इथे लोक स्वतःचंच नुकसान करून घेतात. कँट्रिपचा मार कॅरेक्टर लेव्हलवर वाढतो: ५, ११ आणि १७ ला. तिची सेक्रेड फ्लेम २ डी८ ची आणि फायर बोल्ट २ डी१० चा, जरी कुठल्याही एका क्लासची पाचवी लेव्हल तिच्याकडे नसली तरी.

आर्केन रिकव्हरीसारखी (विझर्डला काही स्लॉट परत देणारी) क्लासची खास शक्ती पुन्हा क्लास लेव्हलवर. विझर्डच्या तिसऱ्या लेव्हलला निम्मे, वरचा आकडा, म्हणजे २. त्यातून पहिल्याचे दोन स्लॉट किंवा दुसऱ्याचा एक परत येतो. आमच्याकडे ती तीन धरून तिसऱ्याचा स्लॉट परत घेत होती.

स्पेलवाला क्लास एकच असेल तर तक्ता उघडूच नका

ही चूक दिसत नाही, कारण तिने खेळाडूचं नुकसान होतं आणि कुणी तक्रार करत नाही. मल्टिक्लासचा तक्ता फक्त तेव्हाच, जेव्हा एकापेक्षा जास्त क्लासकडे "स्पेलकास्टिंग" नावाची शक्ती असते. पॅलाडिन ५ आणि बार्बेरियन ३ असेल तर पॅलाडिनचाच तक्ता: पहिल्याचे ४, दुसऱ्याचे २. कुणी मल्टिक्लासच्या तक्त्यात निम्मं करून बघितलं तर हाती पहिल्याचे ३ येतात आणि बिचारा पॅलाडिन कारण नसताना तीन स्लॉट गमावतो.

थोडं उलटंही होतं. २०१४ च्या नियमात पॅलाडिन ३ ने सॉर्सररची एक लेव्हल घेतली तर १ अधिक १, बेरीज २, स्लॉट पहिल्याचे ३. आधीही तीनच होते. नवे स्पेल मिळाले, स्लॉट एकही वाढला नाही. हे क्लास घेण्याआधी माहीत असावं. २०२४ मध्ये ही अडचण वरचा आकडा घेतल्यामुळे सुटते.

वॉरलॉक त्या बेरजेत नाही

वॉरलॉककडे स्पेलकास्टिंग नाही, पॅक्ट मॅजिक आहे. सॉर्सरर ३ आणि वॉरलॉक ३ म्हणजे तक्त्याची सहावी ओळ नव्हे. सॉर्सररचे पहिल्याचे ४ आणि दुसऱ्याचे २, आणि वेगळ्या चौकटीत पॅक्टचे दुसऱ्या लेव्हलचे २. पॅक्टचे शॉर्ट रेस्टने (छोट्या विश्रांतीने) परत येतात, बाकीचे लाँग रेस्टने (रात्रभराच्या). चौकट वेगळी असली तरी वापर अदलाबदलीचा आहे. सॉर्सररचा स्पेल पॅक्टच्या स्लॉटमधून जातो, वॉरलॉकचा स्पेल साध्या स्लॉटमधून. २०१४ च्या नियमात पॅलाडिनचा डिव्हाइन स्माइटही (स्लॉट खर्चून वाराचा मार वाढवणं) पॅक्ट स्लॉटवर चालतो.

यातूनच एक पळवाट निघाली: लाँग रेस्ट घ्यायचीच नाही, शॉर्ट रेस्टमागून शॉर्ट रेस्ट घेत पॅक्ट स्लॉट सॉर्सरी पॉइंटमध्ये (सॉर्सररच्या जादूच्या शिलकीत) बदलायचे आणि त्यातून नवे स्लॉट साठवायचे. नियमाच्या अक्षरात ती बसते. मी माझ्या टेबलवर चालू देत नाही, आणि २०१७ च्या झानाथार्स गाइड या पुरवणी पुस्तकात त्यावर ऐच्छिक उपायही आहे: लाँग रेस्टशिवाय चोवीस तास गेले की डीसी १० चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (सहनशक्तीची परीक्षा), नापास झालात तर एक्झॉशन (थकवा), आणि दर दिवशी डीसी ५ ने चढतो.

व्हिडिओ गेमचे नियम टेबलवर आणू नका

२०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ आला आणि त्यातून कितीतरी जण टेबलकडे वळले. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण त्या गेमने काही नियम मुद्दाम बदलले आहेत. तिथे क्लास जोडायला त्या क्लासच्या मुख्य अ‍ॅबिलिटीत १३ ची अट नाही, टेबलवर जुन्या आणि नव्या दोन्ही क्लासची अट पाळावी लागते. तिथे विझर्ड स्लॉट बघून स्क्रोल शिकतो, म्हणजे आमच्या मैत्रिणीने मागितलं तेच. आणि तिथे एका टर्नमध्ये दोन मोठे स्पेल चालतात. टेबलवर, २०१४ प्रमाणे, बोनस अ‍ॅक्शनने (टर्नमधल्या जादाच्या छोट्या कृतीने) एखादा स्पेल टाकलात तर त्या टर्नमध्ये दुसरा फक्त एका अ‍ॅक्शनचा कँट्रिप. हीलिंग वर्डसोबत फायर बोल्ट चालेल, स्कॉर्चिंग रे नाही. स्वतःच्या टर्नमध्ये काउंटरस्पेलसुद्धा (दुसऱ्याचा स्पेल तोडणारा) नाही. २०२४ मध्ये हिशेब सोपा केला: एका टर्नमध्ये स्पेलसाठी एकच स्लॉट.

बाकी किरकोळ, पण रोजचं. कॉन्सन्ट्रेशन (स्पेल लक्ष देऊन टिकवणं) दोन क्लास असले तरी एकच, त्यामुळे ब्लेस चालू असताना वेब टाकला की ब्लेस गेला. क्लेरिकचं होली सिम्बॉल विझर्डच्या स्पेलला चालत नाही. २५ नाण्यांचा कॉम्पोनंट पाऊच (स्पेलच्या साहित्याची पिशवी) घ्या, तो दोन्हीकडे चालतो. आणि चिलखत घालून विझर्डचे स्पेल टाकता येत नाहीत हा समज जुन्या आवृत्त्यांचा. पाचवीत त्या चिलखताची प्रोफिशियन्सी असली की पुरे.

चूक खेळाच्या मध्येच सापडली तर

मागचे निकाल उलटवू नका. मेलेले गॉब्लिन मेलेलेच राहू द्या. पण पुढच्या सत्राच्या सुरुवातीला, डाइस बाहेर काढण्याआधी, चूक कुणाची होती ते स्पष्ट सांगा, आणि चूक डीएमची असेल तर भुर्दंड खेळाडूवर नको. मी तिला दीडशे नाणी परत दिली, फायरबॉल स्पेलबुकातून काढला आणि स्क्रोल पुन्हा हातात ठेवला. तो विझर्डच्या यादीतला स्पेल आहे, त्यामुळे स्क्रोलवरून ती तो एकदा टाकू शकते. आपल्या झेपेपलीकडच्या लेव्हलचा म्हणून इंटेलिजन्स चेक, डीसी १३. सॉर्सररला विचारलं, हे तुला चालेल का. तो हो म्हणाला.

तीन शनिवार तिने तो स्क्रोल जपून ठेवला. चौथ्या शनिवारी पुलावर आम्ही घेरले गेलो तेव्हा काढला. डी२० वर ११ पडले, +२ धरून बरोबर १३. मग ८ डी६ मोजायला तिने सॉर्सररचेच डाइस मागून घेतले.