परदेशातील ख्रिस्ती तीर्थयात्रेचा निर्णय कसा घ्यावा

तीर्थयात्रेचा विचार मनात आला की बहुतेक जण लगेच तारखा आणि तिकिटांचे दर पाहू लागतात. माझ्या मते त्याआधी आपण कशासाठी जात आहोत, हे एका वाक्यात लिहून काढावे. नवस फेडायचा आहे, आजारी माणसासाठी प्रार्थना करायची आहे की येशूची भूमी डोळ्यांनी पाहायची आहे, हे स्वतःशी स्पष्ट झाले की ठिकाण ठरवणे सोपे जाते.

मग हेतूला जुळणारे ठिकाण निवडावे. शुभवर्तमानाची, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्राची ओढ असेल, तर जेरुसलेम, नाझरेथ आणि बेथलेहेम; बेथलेहेममध्ये येशूच्या जन्मस्थानी असलेल्या जन्ममंदिराचा दरवाजा जेमतेम सव्वा मीटर उंच असल्यामुळे तिथे प्रत्येकाला वाकूनच आत शिरावे लागते, आणि माझ्या मते तो एक क्षणही साऱ्या प्रवासाचे सार्थक करतो. आजारपणाचे ओझे घेऊन निघालेल्यांनी फ्रान्समधील लूर्दचा विचार करावा. १८५८ साली बर्नाडेट नावाच्या मुलीला जिथे मारियामातेचे दर्शन झाले, त्या गुहेपाशी चाकांच्या खुर्चीतील रुग्णांना मानाने पुढे नेले जाते. चालण्यातूनच प्रार्थना घडावी असे वाटणाऱ्यांसाठी स्पेनमधील सांतियागो या तीर्थस्थानाकडे जाणारी पायी यात्रेची वाट आहे. तिथले प्रमाणपत्र हवे असल्यास किमान १०० किलोमीटर पायी किंवा २०० किलोमीटर सायकलने जावे लागते आणि वाटेत यात्रेकरूच्या कार्डावर शिक्के घ्यावे लागतात.

त्यानंतर प्रकृतीचा प्रामाणिक अंदाज घ्यावा. सांतियागोला जाणाऱ्यांनी निदान दोन महिने आधीपासून तेच बूट घालून, तीच पिशवी पाठीवर घेऊन चालण्याचा सराव करावा. जुन्या जेरुसलेमच्या गल्ल्यांतही पायऱ्या आणि गुळगुळीत दगड आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला आधीच घेतलेला बरा.

पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने उरावी. व्हिसाचे नियम आणि आपल्या सरकारच्या सुरक्षिततेच्या सूचनाही तपासाव्यात. बेथलेहेम पॅलेस्टिनी प्रदेशातील वेस्ट बँकमध्ये असल्याने जेरुसलेमहून ये-जा करताना तपासणी नाके लागतात. पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) पाश्चात्त्य आणि ऑर्थोडॉक्स पंचांगांत बहुधा वेगवेगळ्या दिवशी येतो, म्हणून पवित्र आठवड्यात, म्हणजे या सणाआधीच्या आठवड्यात जाणाऱ्यांनी दोन्ही तारखा पाहूनच दिवस निश्चित करावेत.

गटाबरोबर जायचे असल्यास प्रत्येक ठिकाणी नेमका किती वेळ मिळेल आणि मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) कुठे होईल, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावे. जेरुसलेममधील येशूच्या पवित्र कबरीच्या मंदिराला कार्यक्रमात अर्धाच तास दिलेला असेल, तर तो सगळा रांगेतच जाईल. अशा वेळी दुसरा गट शोधावा.