पांढरीचा माग : उपग्रहचित्रापासून शेताच्या बांधापर्यंत

दख्खनच्या काळ्या जमिनीत जुन्या गावाचा शोध घ्यायचा असेल, तर आधी पांढरी शोधावी. चुलीची राख, शेण आणि पडलेल्या घरांची माती पिढ्यान्‌पिढ्या साचून झालेले हे फिकट टेकाड भोवतालच्या काळ्या रानात वरूनही उठून दिसते. घोडकाठचे इनामगाव आणि प्रवरेकाठचे दायमाबाद या ताम्रपाषाणयुगीन वसाहती अशाच टेकाडांत सापडल्या.

चित्रे निवडताना रब्बीची काढणी उरकल्यानंतरची, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांतली घ्यावीत. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात. मात्र त्यांतील एक चित्रबिंदू 10 मीटरचा असल्याने शंभर मीटरचे टेकाड कळते, विहीर कळत नाही. धरणे आणि ऊस येण्यापूर्वीचे रान पाहायचे, तर 1960 ते 1972 या काळात टिपलेल्या आणि 1995 मध्ये खुल्या झालेल्या अमेरिकी ‘कोरोना’ हेरगिरी उपग्रहांच्या चित्रांना माझ्या मते तोड नाही. उजनीच्या पाण्याखाली गेलेला भीमाकाठही त्यांत पाहता येतो. ही मूळ चित्रे फिल्मवरची असल्यामुळे जुने देऊळ, नद्यांचा संगम अशा न हललेल्या खुणा धरून ती क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या संगणकप्रणालीत नकाशावर बसवून घ्यावी लागतात.

फिकट दिसणारा प्रत्येक ठिपका पांढरी नसतो. ओढ्याकाठी उघडी पडलेली चुनखडी चित्रात तशीच भासते, आणि हा घोळ जागेवर गेल्याशिवाय सुटत नाही: चुनखडीचे खडे हाताला टणक लागतात, तर पांढरीची माती भुसभुशीत असून तिच्यात राख, हाडांचे तुकडे आणि खापरे असतात.

शेतमालकाची परवानगी घेऊन, दहा-दहा मीटर अंतर ठेवून एका रांगेत चालावे आणि खापरे न उचलता गट क्रमांकानुसार त्यांची संख्या, छायाचित्र व जीपीएस नोंद घ्यावी. तांबड्या पृष्ठभागावर काळी नक्षी आणि टिचकी मारल्यावर धातूसारखा नाद, ही ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे भांड्यांची ओळख होय. मात्र शेतकरी पांढरीची माती खत म्हणून दूरच्या शेतांतही टाकतात. त्यामुळे विरळ, कडा झिजलेली खापरे दिसली की तिथेच वस्ती होती असे मानू नये, आधी माती कोठून आणली हे गावातल्या जाणत्यांना विचारावे.

खापर न सापडलेले पट्टेही नकाशावर दाखवावेत. परंतु उभ्या उसामुळे जिथे जमीनच दिसली नाही, ते शेत ‘रिकामे’ न लिहिता ‘पाहता आले नाही’ असे वेगळ्या रंगात नोंदवावे आणि तोडणीनंतर तिथे पुन्हा जावे.