वैद्यकीय शिक्षणात जीवनशैली-वैद्यकाचा समावेश करताना या चुका टाळा

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या आसपास पूर्वमधुमेही (मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे) आहेत. आहार, व्यायाम, झोप, ताण, व्यसने आणि माणसांचा आधार यांकडे लक्ष देणारे ते जीवनशैली-वैद्यक; या रुग्णांशी त्यांविषयी नेमके बोलता येणारे डॉक्टर घडवावेत, हे आता अनेक महाविद्यालयांना पटले आहे. मात्र अंमलबजावणी करताना ठरावीक चुका होतात.

सर्वांत मोठी चूक वेळापत्रकात होते. एखादी दिवसभराची कार्यशाळा किंवा पाहुण्यांचे व्याख्यान ठेवून विषय उरकला जातो, नाहीतर तो सगळा पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागावर ढकलला जातो. भरगच्च वेळापत्रकात नव्या विषयासाठी तास मागणे व्यवहार्य नाही आणि त्याची गरजही नाही, कारण २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात वेगवेगळ्या विभागांनी एकत्र शिकवण्याची सोय आहेच. आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनशिवायही ग्लुकोज उचलतात, हे शरीरक्रियाशास्त्राच्या तासाला सांगताना जेवणानंतर चालण्याचा सल्ला तिथेच जोडता येतो. औषधशास्त्रात मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध शिकवताना २००२ चा अमेरिकी मधुमेह प्रतिबंध अभ्यास मांडावा: जीवनशैलीतील बदलाने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी घटले. पाठोपाठ २००६ चा भारतीय अभ्यास मांडावा, ज्यात हेच आकडे अनुक्रमे २८.५ आणि २६.४ टक्के होते. अमेरिकेतील सहभागींचा सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) ३४ आणि आपल्याकडचा २६ च्या आसपास होता, हे कळल्यावर विद्यार्थी आपणहून प्रश्न विचारू लागतात. ती चर्चा मला कोणत्याही कार्यशाळेपेक्षा मोलाची वाटते.

याच कारणाने परदेशी स्लाइड्स जशाच्या तशा वापरू नयेत. आपल्याकडे जादा वजनाची मर्यादा बीएमआय २३ आणि स्थूलतेची २५ मानली जाते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका धरतात.

हिस्टरी घेण्यातली, म्हणजे रुग्णाला त्याची माहिती विचारण्यातली, चूक मात्र सर्वत्र दिसते आणि ती सुधारायला एक रुपयाही लागत नाही. केसपेपरवर ‘व्यसन: नाही’ असे लिहिलेले असते, कारण विद्यार्थ्याने फक्त दारू-सिगारेटबद्दल विचारलेले असते. ‘मावशी, दात कशाने घासता?’ असे विचारले, तर ‘मिश्रीनं, सकाळी, जेवल्यावर आणि झोपतानाही’ असे उत्तर येते, आणि ती भाजलेली तंबाखूच असते. विदर्भात खर्ऱ्याचे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचे) नाव घेऊनच विचारावे लागते. आहाराचेही तसेच आहे. ‘तेल कमी खाता ना?’ या प्रश्नाला सगळेच होकार देतात. त्याऐवजी महिन्याला घरात किती तेल येते आणि जेवणारी माणसे किती, हे विचारावे. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोजचे चाळीस मिलिलिटरहून अधिक होते, हा हिशेब रुग्णासमोरच मांडता येतो. उपवासाच्या दिवशीची साबुदाण्याची खिचडी आणि ताटातले लोणचे-पापड यांचीही वेगळी चौकशी लागते, कारण रुग्ण ते ‘जेवण’ म्हणून मोजत नाहीत.

माहिती मिळाल्यावर ‘गोड बंद करा, रोज चाला’ एवढाच सल्ला देणे म्हणजे शिक्षण अर्धवट सोडणे होय. विचारणे, सल्ला देणे, तयारी जोखणे, मदत करणे आणि पुढच्या भेटीची व्यवस्था करणे या पाच पायऱ्या विद्यार्थ्याने प्रत्यक्ष रुग्णासमोर करून दाखवल्या पाहिजेत. एका भेटीत एकच बदल ठरवावा आणि तो केसपेपरवर औषधाइतक्याच स्पष्टपणे लिहावा: ‘रात्रीच्या जेवणानंतर १५ मिनिटे चालणे, आठवड्यातून पाच दिवस, पुढील तपासणी चार आठवड्यांनी.’ जे परीक्षेला येत नाही ते मुले शिकत नाहीत, हे वास्तव मान्य करून ऑस्कीमध्ये (टप्प्याटप्प्याने कौशल्ये तपासणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेत) या संभाषणाचे एक स्टेशन ठेवावे आणि त्यात रुग्णाचे म्हणणे ऐकून घेण्यालाही गुण द्यावेत.

उत्साहाच्या भरात जीवनशैली विरुद्ध औषधे अशी मांडणी करणे धोकादायक आहे. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या रुग्णाने अचानक जेवण कमी केले, तर त्याची साखर घातक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून आहारबदलासोबत डोसचा फेरविचार करायला शिकवलेच पाहिजे. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन कधीही थांबवायचे नसते, हेही निःसंदिग्धपणे सांगावे.

शेवटची चूक म्हणजे एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वेगवेगळे शिकवणे. गावपातळीवर आशाताई तीस वर्षांवरील लोकांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका जोखणारी प्रश्नावली, भरतात. त्यात तंबाखू, दारू, कंबरेचा घेर आणि आठवड्याला १५० मिनिटांच्या हालचालीची नोंद असते आणि चारहून अधिक गुण आल्यास त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्य मिळते. कुटुंब दत्तक कार्यक्रमात, म्हणजे नेमून दिलेल्या कुटुंबांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायला, जाणाऱ्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी वेगळी प्रश्नावली तयार करण्याऐवजी आशाताईंसोबत हाच फॉर्म भरावा, आणि पुढच्या भेटींत त्याच कुटुंबांचा पाठपुरावा नर्सिंग व आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन करावा.