‘मला कन्नड जमत नाही’ हा समज कसा सोडवायचा

वहीत ‘जमत नाही’ खोडून ‘अजून अडखळतं’ लिहा. डोळे मिटून स्वतःला फाडफाड बोलताना नुसतं रंगवत बसू नका. काम झाल्यासारखं वाटून जोर ओसरतो, हे मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएले ओटिंगेन यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. नेमकी अडचण धरा: समोरचा भरभर बोलला की आपण मराठीवर येतो. मग ठरवा, ‘तो भरभर बोलला, तर मी म्हणेन, स्वल्प निधान हेळ्री (जरा सावकाश सांगा).’

बेळगावच्या खडेबाजारात आठवडाभर एकाच दुकानी एकच वाक्य: ‘इदु एष्टु री?’ (हे केवढ्याला?). सुरुवात बँकेत नको. तिथल्या घाईत एक फजिती झाली की जुना समज आणखी पक्का होतो. रात्री जमलेलं वाक्य तारखेसह टिपा. एखादा दिवस चुकला तरी बिघडत नाही.